‘या गावातून २७ माणसं गेली’ : चावडीवरच्या दगडाचं काय करायचं?

प्रश्न रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. त्यांच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरलंय : या गावातून २७ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले. चावडी पाडून तिथं ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. गावातल्या तरुणांना ११ नोव्हेंबरला, म्हणजे १९१८ ला लढाई थांबली त्या तारखेला, मोठा कार्यक्रम करायचा आहे. एका ज्येष्ठ गावकऱ्याचं म्हणणं, ‘इंग्रजांची लढाई, त्यात आपलं काय?’ आणि बाकी गाव गप्प आहे. अशा वेळी गावाला यात कसं ओढायचं आणि कायमस्वरूपी काय ठेवायचं, असं गुरुजी विचारतात.

गुरुजी, वीस-बावीस वर्षं मी सातारा, रायगड आणि रत्नागिरीच्या गावांतून हेच काम करत फिरलोय, म्हणून आधीच सांगतो : कार्यक्रम सगळ्यात शेवटी. दगडावर आकडा आहे, नाव एकही नाही. पहिलं काम त्या २७ जणांची नावं शोधायचं. ते काम घरोघरी सुरू झालं की गावाला वेगळं ओढावं लागत नाही. आणि नावं न शोधता मांडव घातलात तर पहिल्या वर्षी दोनशे माणसं येतील आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही आणि शाळेचा शिपाई.

त्याच्याही आधी एक तातडीचं. चावडी पाडायला जेसीबी येण्याआधी तो दगड सुखरूप काढून घ्या. काढण्यापूर्वी सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, कारण झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात. मोजपट्टी शेजारी धरा. दगड कुठल्या भिंतीत, किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून होता हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. काढायला गवंडी जुना, हाताने काम करणारा बघा आणि दगडाभोवतीचा चुना बाजूनं पोखरून काढायला सांगा. ॲसिडनं धुऊ नका. ऑइलपेंटनं अक्षरं रंगवू नका. उत्साही मंडळं हमखास हे करतात आणि रंगारी पुसट अक्षर आपल्या अंदाजानं भरतो. एका गावात मी ३ चे ८ झालेले पाहिलेत. पाच मेलेली माणसं त्या गावाला रंगाच्या डब्यातून मिळाली!

आता दगडावरचा मजकूर. ही पाटी फक्त तुमच्याच गावात नाही. युद्धानंतर सरकारनं ज्या गावांतून भरती जास्त झाली त्या गावांना अशा पाट्या दिल्या. कोकणात आणि साताऱ्याकडं त्या चावडीत, शाळेच्या व्हरांड्यात, कधी देवळाच्या भिंतीत सापडतात. मजकुराचा साचा एकच, आकडे तेवढे वेगळे. युद्ध १९१८ ला संपलं आणि पाटीवर १९१९ का, हे मुलं विचारतातच. जर्मनीशी तह जून १९१९ मध्ये झाला, म्हणून. पण पाटीत काय नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. गेले ते कोण, कुठल्या वाडीचे, कुठं मेले, काही नाही. जो जखमी होऊन परत आला आणि दोन वर्षांनी घरी खंगून गेला तो त्या तिघांत नाही. जो १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला तोही बहुधा नाही. ती साथ आपल्याकडं १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि तिनं युद्धापेक्षा कितीतरी पट माणसं नेली.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण हाच प्रकार बसऱ्याला आहे. इराकात बसऱ्याजवळ त्या युद्धातल्या इराकच्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांचं स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे, पण साध्या हिंदी शिपायांच्या जागी पलटणीचं नाव आणि पुढं आकडा. ‘आणि इतर अमुक इतके हिंदी शिपाई.’ ब्रिटिश राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाची चौकशी करून जाहीर माफी मागितली. सद्दामच्या काळात, १९९७ ला, ते स्मारक होतं तिथून उचलून वाळवंटात तीसेक किलोमीटर आत नेलं. तेव्हा तुमच्या गावचा माणूस बसऱ्याला आकडा आणि गावालाही आकडाच. ही गोष्ट ग्रामसभेत सांगून बघा. ‘स्मृती जागवू या’ असं म्हणण्यापेक्षा तिचा परिणाम पुष्कळ जास्त होतो, हा माझा अनुभव आहे.

घरोघरी जाताना पहिली चूक सगळेच करतात, मीही केली. ‘तुमच्या घरातलं कोणी पहिल्या महायुद्धात होतं का?’ असं विचारायचं. उत्तर ठरलेलं : नाही. पहिलं महायुद्ध हे शाळेच्या पुस्तकातलं नाव आहे. घरात ते ‘बसरा’ म्हणून आलेलं असतं. ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेलेले’, ‘बसऱ्याची पेन्शन होती’. काही घरांत ‘जर्मनची लढाई’. म्हणून विचारा, ‘तुमच्याकडं बसऱ्याला कोण गेलं होतं?’ आणि विचारा म्हाताऱ्या बायकांना. घरातल्या पुरुषांना आजोबाची पलटण ठाऊक असते, पण तो गेल्यावर पणजीनं काय केलं, कोणाच्या शेतात राबली, पेन्शनीचा अंगठा उठवायला खेडला चालत कशी गेली, हे सुनेला सासूनं सांगितलेलं असतं. बायकांकडं शिक्षिकेला किंवा आशाताईंना बरोबर घेऊन जा. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, आणि घरच्या पोराच्या हातात फोन द्या. आजी पोराशी बोलते, तुमच्याशी नाही.

मग वस्तू. सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे बिल्ला. पदकाला आपल्याकडं बिल्लाच म्हणतात. युद्धात गेलेल्या बहुतेकांना मिळालेलं पदक गोल असतं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. लोक तेवढंच बघतात. तुम्ही ते उभं धरून कडा वाचा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दगडानं जे दडवलं ते कडेवर सापडतं. भिंग न्या. पदक घासून चकचकीत करू नका, कडेची अक्षरं आधीच उथळ असतात. शिपायाचं हे पदक चांदीचं. तेच पदक ब्राँझचं निघालं तर तो माणूस बहुधा मजूर पलटणीत किंवा लष्कराच्या मागच्या कामांवर होता. राजाचं राज्य पदकाच्या धातूतसुद्धा पायरी सोडत नव्हतं.

चांदीची बरीच पदकं मात्र राहिलेली नाहीत. एका आजींनी मला सरळ सांगितलं, ‘मोडून नातीच्या बारशाला वाळे केले.’ याला हळहळू नका, निदान त्यांच्यासमोर. वाळे कुठं आहेत ते विचारा. मला ते वाळे बघायला मिळाले आणि त्यांच्याबरोबर सगळी हकिगतही मिळाली. जो मेला त्याच्या घरी कधी कधी बशीएवढी ब्राँझची जाड चकती असते. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, सिंह आणि माणसाचं नाव. हुद्दा नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे असा त्यामागचा विचार. एका घरात ती चकती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती.

मूळ वस्तू कधीही घेऊन येऊ नका. प्रदर्शनालाही नाही. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या माणसांदेखत फोटो काढा आणि एक छापील प्रत आठ दिवसांत त्यांना परत नेऊन द्या. एका संस्थेसाठी काम करताना आम्ही दोन पदकं ‘आठवड्यात देतो’ म्हणून नेली आणि कपाट बदलताना एक गहाळ झालं. त्या वाडीत आजही मला चहा मिळतो, पण ओटीवर. घरात बोलावत नाहीत. दुसरं, पदकांचे फोटो घराच्या नावासकट इंटरनेटवर टाकू नका. पदकं विकत घेणारे दलाल फिरत असतात, आणि दोन हजारांत पणजोबा विकून बसलेल्या माणसाची नंतरची अवस्था मी पाहिली आहे.

कडेवरून पलटण कळली की वाट मोकळी होते. आपल्या भागात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे आकडे दिसतील. या सगळ्या त्या वेळच्या मराठा पलटणी. १९२२ च्या फेररचनेत त्या एकत्र येऊन आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा पाया झाल्या. १०३ म्हणजे आजची पहिली बटालियन, जंगी पलटण. बेळगावच्या रेजिमेंट केंद्राला पत्र लिहाल तेव्हा ‘आमच्या गावचे वीर’ असं मोघम लिहू नका. नंबर, नाव, पलटण लिहा. १११ आकडा दिसला तर सावध व्हा, कारण ती महार पलटण. तिच्याकडं पुढं येतो.

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथं लोक विनाकारण अडकतात. मेलेल्यांसाठी युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट आहे. त्यात बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तालुका आणि ‘रत्नागिरी’ घालून शोधा, आडनाव घालून नको. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, जाधवचे चार प्रकार आणि मोऱ्यांचे तीन. शिवाय कित्येक ठिकाणी आख्खं नावच आडनावाच्या रकान्यात टाकलेलं आहे. सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा रत्नागिरीत होता, रायगडला कुलाबा म्हणत, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. पंजाबची गाववार नोंदवह्यांची मोठी गोष्ट तुम्ही वाचली असेल. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या त्या वह्या पंजाबच्याच आहेत, त्यात आपलं गाव शोधू नका. परत आलेल्यांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, आणि कोणाला जंगी इनाम मिळालं असेल तर जमिनीचे जुने उतारे. हे पुष्कळसं मोडीत. कुणबी नोंदींच्या धांदलीत गेल्या काही वर्षांत प्रत्येक तालुक्यात मोडी वाचणारा कोणी ना कोणी तयार झालाय, त्याला गाठा. तो त्या कपाटापर्यंतचा रस्ता ओळखतो.

आता वाड्या. ही या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. अशा कामाचा ताबा गावकीतले दोन-तीन मानकरी घेतात, त्यांच्याच घरचे सुभेदार-जमादार पुढं येतात, आणि बघता बघता स्मृती एका भावकीची होते. मग बाकीचं गाव गप्प राहिलं तर नवल नाही. तुमचं गाव गप्प आहे असं तुम्ही लिहिलंत. ते कुठल्या वाड्यांत गप्प आहे, ते पाहिलंत का?

बौद्धवाडीत जा. महारांची लष्करातली भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली गेली होती. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. मग १९४१ ला, दुसऱ्या युद्धात, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत दार बंद. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत सुभेदार-हवालदारांची परंपरा आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते, हे तिथं तुम्हाला कोणी सांगायला नको. त्या २७ मध्ये त्यांची माणसं धरली होती की नव्हती, हा प्रश्न त्यांच्याच ओट्यावर विचारा आणि जे ऐकाल ते लिहून घ्या, नसेल आवडत तरी.

मोहल्ल्यात जा. किनारपट्टीच्या कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर खलाशी, आगवाले म्हणून जात. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांच्या पोटात, बॉयलरसमोर, तीच होती. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे : समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा २,२०० हून अधिक हिंदी खलाशांचं. मोहम्मद अली रोडवर आयुष्य काढलेल्या कोकणी माणसालाही ते ठाऊक नसतं. खलाशी हे ‘युद्धाला गेलेले’ म्हणून गावच्या पाटीवर मोजलेच असतील असं नाही. मग त्यांना मोजायचं की नाही, हे गावानं ठरवायचं. माझं मत विचाराल तर मोजावं, पण २७ च्या आकड्यात नव्हे, वेगळं. दगडाशी खोटं बोलू नये.

एका गावात या प्रश्नावर दोन तास वाद झाला. एक मानकरी उठून गेले. पण त्या रात्री मोहल्ल्यातला एक मुलगा पणजोबांच्या खलाशीपणाची जुनी वही घेऊन माझ्या मुक्कामी आला, तिच्यात बोटींची नावं होती. मानकरीही तिसऱ्या दिवशी परत आले.

‘इंग्रजांची लढाई, त्यात आपलं काय’ या प्रश्नाला घाईनं उत्तर देऊ नका. तो प्रश्न बरोबर आहे आणि त्या वेळीही होता. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. खोतीच्या जमिनीत चार महिन्यांचं भात पिकवणाऱ्या कुळाला गिरणी किंवा पलटण, दोनच वाटा होत्या. गांधीजी १९१८ च्या जून-जुलैत गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते. (खेड्याचं नाव आणि आपलं खेड यात मुलं गोंधळतात, नकाशा दाखवा.) त्याच जूनमध्ये मुंबईला गव्हर्नर विलिंग्डनच्या युद्धपरिषदेत टिळक बोलायला उठले. भरतीच्या बदल्यात स्वराज्याचं काय, असा रोख दिसताच त्यांना अडवलं गेलं आणि ते सभा सोडून निघाले. म्हणजे सैन्यात जावं की नाही, यावर देशाचे पुढारीच एकमताचे नव्हते. गावानं का असावं? साताऱ्याकडं तर मी अशी घरं पाहिलीत जिथं एक भाऊ दुसऱ्या युद्धात इटलीत आणि दुसरा नाना पाटलांच्या प्रतिसरकारात. दोघांचे फोटो एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर.

त्या ज्येष्ठांना तुम्ही सभेत बोलायला उभं करा. विरोध करणारा माणूस बाहेर राहिला की तो गोष्ट पाडतो, आत आला की ती तपासतो. आणि बॅनरवर शब्द जपून वापरा. ‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘देशासाठी बलिदान’ यातला प्रत्येक शब्द एक वाद घेऊन येतो. मी साधं लिहितो : ‘गेले’, ‘परत आले’, ‘परत आले नाहीत’. या तीन क्रियापदांवर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

तारखेबद्दल. ११ नोव्हेंबर ही फ्रान्सच्या आघाडीची तारीख. तुमची माणसं बहुतेक मेसोपोटेमियात होती, म्हणजे आजच्या इराकात. तुर्कांशी युद्धबंदीचा करार ३० ऑक्टोबर १९१८ ला झाला आणि त्याच दिवसांत शर्कतच्या लढाईत ११४ वी मराठा पलटण लढत होती. शिवाय नोव्हेंबरात भातकापणी असते, गाव शेतात असतं, आणि मुंबईकर चाकरमानी गणपतीला येऊन गेलेला असतो. कागदी लाल फुलं छातीला लावून दोन मिनिटं मौन हा प्रकार आपल्याकडं शाळेच्या प्रार्थनेसारखा पार पडतो. वाईट नाही, पण कोणाच्या अंगाला लागत नाही.

आपल्याकडं मेलेल्यांना आठवायच्या रीती कमी आहेत का? देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांसाठी चतुर्दशी वेगळी राखलेली आहे. पण ही रीत बौद्धवाडीला आणि मोहल्ल्याला चालणार नाही, म्हणून गावाचा कार्यक्रम तिच्यावर बांधू नका. घरच्यांना करायचं तर ते घरी करतील, आणि कित्येक घरांत पणजोबाच्या नावानं पान वाढलं जातंच, फक्त तो कुठं मेला ते माहीत नसतं. तेवढं तुम्ही सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर २९ एप्रिल घेतली असती. त्या दिवशी १९१६ ला कुतचा पाडाव झाला. कुत-अल-अमारा हे टायग्रिसच्या वळणातलं गाव. जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन, म्हणजे पुण्याहून गेलेली फौज, तिथं ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. एप्रिलअखेरीला शाळेच्या परीक्षा संपलेल्या, मुंबईकर सुट्टीला यायला लागलेले, आंबे उतरलेले, रात्री मोकळ्या. माणसं बसतात. तुमच्या २७ पैकी कुतला कोण होतं हे मात्र पदकाच्या कडेवरून आणि यादीवरून ठरवा, सोय म्हणून सगळ्यांना कुतला पाठवू नका.

आणि कुत सांगायचं तर लढाईपासून सुरुवात करू नका, जात्यापासून करा. वेढ्यात धान्य सापडलं पण दळायची सोय नव्हती, तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या गेल्या. सहाशे माणसांच्या गावात हे वाक्य उच्चारलं की मागच्या बायका पुढं सरकतात. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी बरेच दिवस नकार दिला, हिरवं काही मिळेना म्हणून हिरड्या सुजून दात हलायला लागले, आणि शेवटी शेवटी माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम पिठावर दिवस निघाला. तेवढं पीठ कागदावर काढून मुलांसमोर ठेवा. त्यांना भाकरी थापू द्या. मग बघू द्या, आपली न्याहारी केवढी असते. पाडावानंतर तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, उन्हात शेकडो मैल चालवली गेली आणि त्यांतले पुष्कळ हिंदी कैदी बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. हजारो तिथंच संपले. लाकडी बंदुका देऊन पोरांची लुटुपुटीची लढाई करायचा मोह आवरा. मी एकदा ती केली होती. पोरं खूश होती, तुर्क व्हायला कोणी तयार नव्हतं, आणि ज्याचा पणजोबा परत आला नाही तो मुलगा कोपऱ्यात बसून रडत होता.

जागा सहाणेची, म्हणजे शिमग्याला पालखी बसते तिथली, घ्या किंवा शाळेचं पटांगण, जिथं सगळ्या वाड्यांना यायला संकोच नाही. सहाणेवर सगळे येतात का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक असेल. येत नसतील तर शाळा. पाहुणा बोलावू नका. बोलावलाच तर शेवटी बोलू द्या. नावं त्या त्या घरच्या माणसानं वाचावीत. आमच्या पहिल्या कार्यक्रमात नावं एका तालुक्याच्या पुढाऱ्यांनी वाचली, तीन आडनावं चुकवली, आणि पुढच्या रांगेत पदराखाली काहीतरी धरून बसलेल्या आजी कार्यक्रम संपायच्या आत उठून गेल्या. नंतर कळलं, पदराखाली बिल्ला होता. त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलासुद्धा.

छापील पुस्तिकेची घाई नको. आम्ही एकदा एका माणसाला ‘परत आला नाही’ म्हणून छापलं. त्याचा नातू मुंबईहून आला आणि म्हणाला, मी त्यांच्या मांडीवर खेळलोय. नाव तेच, बाप वेगळा, वाडी शेजारची. तेव्हापासून मी पहिलं वर्षभर नावं फक्त शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहितो. लोक येता-जाता वाचतात, दुरुस्त करतात, भांडतात. मग कागद, मग दगड.

कायमस्वरूपी काय ठेवावं, असंही तुम्ही विचारलंत. मुंबईहून येताना माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा लागतो. पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच घाडग्यांसाठी मोंतोने या इटलीतल्या डोंगरगावात २०२३ ला स्मारक झालं, ते घड्याळ आहे, सूर्याच्या सावलीचं. पुतळ्याला हार वर्षातून एक-दोनदा पडतो. घड्याळाकडं माणूस रोज बघतो. तुमच्या नव्या इमारतीत तो जुना दगड रेशनच्या रांगेत उभं राहिल्यावर डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर बसवा, सरपंचांच्या केबिनमध्ये नको. शेजारी मराठीत नावांची पाटी. वाडीवार लावा, हुद्द्यावार नको.

माझा अंदाज, २७ पैकी तुम्हाला सतरा-अठरा सापडतील. त्याहून जास्त मला कुठं मिळाली नाहीत. उरलेल्या ओळी कोऱ्या ठेवा, पण क्रमांक घालून : १९, २०, २१, असे थेट २७ पर्यंत. पाथरवट म्हणेल, रिकाम्या जागेचे पैसे कशाला देता. द्या. एका गावात अशी पाटी बसून चार वर्षं झाल्यावर नालासोपाऱ्याहून एक बाई आल्या, वडिलांकडून ऐकलेलं नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून. बावीसची ओळ त्या दिवशी भरली.